तीन बोटी, एक लाइन

मीनामावशीला कुणी घरी नवी इंटरनेटची लाइन घेतल्याचं सांगितलं, की ती आधी अभिनंदन करायची आणि मग त्याला आठाने भागायला लावायची. सिंगापूरच्या ईस्ट कोस्टवरच्या एखाद्या कॉन्डोतलं हळदीकुंकू असो, गणपतीची आरती असो, तिला जागेचं भान नसायचं. पुण्याहून नुकताच आलेला आयटीतला एखादा मुलगा तक्रार करायचा, "मावशी, एक हजारची लाइन घेतलीय, पण सिनेमा उतरवायला बसलो की सव्वाशेच्या वर जातच नाही. फसवतात हो हे लोक."

मावशी हातातली प्रसादाची वाटी खाली ठेवायची.

"फसवत नाहीत. लाइन विकणारा बिट मोजतो आणि तुझी डिस्क बाइट मोजते. आठ बिटांचा एक बाइट. हजार भागिले आठ किती?"

"सव्वाशे."

"मग? पूर्ण माप मिळतंय तुला. खा आता शिरा."

मावशी मूळची मिरजेची. पुण्यात शिकली, तिथेच टेलिफोनच्या कामाला लागली आणि लग्नानंतर सिंगापूरला आली ती इथलीच झाली. पाया लेबारच्या एका टेलिकॉम कंपनीत, कुठल्या दोन ठिकाणांमध्ये केवढी लाइन टाकायची हे ठरवण्याचं तिचं काम होतं. तिच्या उमेदवारीच्या काळात तांब्याच्या तारेवरून दोन मेगाबिटचा सिग्नल जायचा. असे त्रेसष्ट सिग्नल एकात एक विणले की एक मोठा सिग्नल व्हायचा. "त्रेसष्ट ओढे, एक नदी," असं ती सांगायची. त्या नद्या आता कुणालाच नको होत्या. जुनी यंत्रं एकेक करून बंद करायची यादी तिच्याच हाताखालून जायची आणि ती त्याबद्दल काही बोलायची नाही. फक्त एखाद्या संध्याकाळी म्हणायची, "आज क्वीन्सटाउनचं बंद केलं. वीस वर्षं एकदाही पडलं नव्हतं."

मी एम.ए. करत होते तेव्हा बुकित बातोकच्या तिच्या फ्लॅटमधली तिसरी खोली माझी होती, म्हणून हे सगळं मला माहीत आहे.

जगात दोन प्रकारची माणसं असतात असं मावशी मानायची, लाइनवाले आणि डिस्कवाले. डिस्कवाल्यांचं सगळंच बाइटमध्ये. त्यांच्या डिस्कच्या वायरीवर तर एकेका बाइटला दहा-दहा बिट खर्ची पडतात, ते त्यांचं ते जाणोत. "डिस्कवाला काही आकडा बोलला की आधी मनातल्या मनात आठाने गुणायचं आणि मग ऐकायचं," हा तिचा नियम होता. तो नियम इतका मुरला होता की गुणाकार केल्याचं तिला कळतही नसे. फोडणीत मोहरी टाकताना आपण कुठे मोजतो.

तिचे यजमान श्रीरामकाका वेंगुर्ल्याचे. बोटीवर चीफ इंजिनीयर, म्हणजे खलाशांच्या बोलीत 'बडा साब'. ते घरी असले की तिला चिडवायचे.

"आमच्याकडे बघ. वेग मोजायचा तो नॉटमध्ये, आणि नॉट म्हणजे नॉट. कॅप्टनला विचार, बंदरातल्या पायलटला विचार, इंजिनरूममधल्या पोरालाही विचार. तुमच्यात तारवाल्याचं माप वेगळं, डिस्कवाल्याचं वेगळं. संसार कसा करता गं तुम्ही?"

"आठाने भागून," मावशी म्हणायची.

एकदा भिशीत तिची मैत्रीण सुनेत्रा तिच्यावरच उलटली. "मीनाक्षी, सोळा वर्षं झाली ना लग्नाला? आणि नवरा वर्षातले नऊ महिने बोटीवर. मग भागिले चार कर. चारच वर्षांचा संसार झालाय तुझा. नवी नवरीच आहेस की!" सगळ्या हसल्या. मावशी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. परतताना एमआरटीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "सुनेत्राचा हिशोब बरोबर आहे गं."

त्याच काळात काका गेले. बोट भर समुद्रात होती. इंजिनरूमशेजारच्या कंट्रोल रूममध्ये खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचं हृदय थांबलं. बंदर दूर होतं आणि डॉक्टर त्याहून दूर. मावशीने त्यांना पुन्हा पाहिलं ते वेंगुर्ल्याला, पेटीत. त्यांची मुलगी किमया तेव्हा बारा वर्षांची होती. ती पेटीपाशी उभी राहिली, पण रडली नाही. नंतर विमानात तिने मला विचारलं, "ताई, हाऊ मेनी टाइम्स डिड आय ॲक्चुअली मीट हिम?"

आम्ही सिंगापूरला परतलो तेव्हा भेटायला येणाऱ्यांत परेश होता. काकांच्या बोटी सांभाळणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात तो कॉम्प्युटरच्या डिस्क बघायचा. डोंबिवलीचा, तिशीतला, फार सभ्य. सोफ्याच्या अगदी कडेवर बसला. चहा अर्धा झाल्यावर म्हणाला, "ताई, सरांचा आवाज आहे आमच्याकडे. तुम्हाला माहीतच असेल."

मावशीला माहीत नव्हतं.

परेशने सांगितलं ते असं. कंपनीने आठ वर्षांपूर्वी एक योजना काढली होती. इंजिनाचा आवाज आणि थरथर रोज रेकॉर्ड करायची, म्हणजे कुठलं बेअरिंग बिघडतंय ते किनाऱ्यावर बसून आधीच कळेल. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला इंजिनीयरने तारीख, बोटीचं नाव आणि इंजिनावरचा भार एवढं इंग्रजीत बोलायचं. बहुतेक लोक तेवढंच बोलत. काका ते संपवून पुढे मराठीत बोलत राहायचे.

"काय बोलायचे?" मावशीने विचारलं.

"मी सगळं नाही ऐकलं, ताई. बरं नाही वाटायचं. पण एकदा तपासणीला एक फाइल उघडली तर सर म्हणत होते, 'आज किमयाचा वाढदिवस, आणि हा चार नंबरचा सिलिंडर सकाळपासून रुसलाय.'"

मावशी उठून आत गेली. परेश माझ्याकडे बघत राहिला. थोड्या वेळाने ती बाहेर आली, तेव्हा चेहरा धुतलेला होता. "ते मला मिळेल का रे?" एवढंच तिने विचारलं.

तेव्हा मिळालं नाही. कंपनीचा माल, कंपनीचे नियम. परेश वर्षभर वरच्यांना विचारत राहिला. मग कंपनीच विकली गेली आणि नव्या मालकांना त्या जुन्या डिस्क नको होत्या. त्या पुसून, मोडून टाकायचं ठरलं. जाता जाता एका भल्या मॅनेजरने सही केली : श्रीराम केळुस्करांच्या घरच्यांना हवं तर रेकॉर्डिंग उतरवून घेऊ दे. अट एकच. डिस्क जिथे होत्या त्या इमारतीत बाहेरचं काही न्यायला किंवा आतलं बाहेर आणायला बंदी होती. जे न्यायचं ते लाइनवरूनच, शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ एवढ्या वेळात. त्यानंतर तिथली वीज बंद.

काकांच्या बोटी तीन. पहिली, मधली आणि शेवटची. प्रत्येक बोटीचं रेकॉर्डिंग वेगळ्या डिस्कांवर होतं. त्यातला नुसता काकांचा आवाज काढून घेता येत नव्हता. दिवसाची फाइल एकच, आवाज आणि थरथर एकत्र बांधलेली, आणि ती सोडवणारं सॉफ्टवेअर कंपनीने केव्हाच बंद केलेलं. अख्ख्या फाइली घ्याव्या लागणार होत्या. त्या उघडून ऐकण्यापुरता एक साधा प्रोग्राम परेशने तिला पाठवून ठेवला होता.

गुरुवारी परेशने तिच्या ऑफिसात फोन करून आकडे सांगितले. "ताई, एकूण छत्तीस हजार. पहिली बोट तेरा, मधली अकरा, शेवटची बारा."

छत्तीस हजार काय, हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. भाजीवाला नुसता 'चाळीस' म्हणतो, रुपये म्हणत नाही, तसंच हे. धंद्यातली माणसं धंद्यातल्या माणसाशी बोलताना एकक गाळतात. परेश डिस्कवाला, म्हणजे छत्तीस हजार गिगाबाइट. मावशीने आठाने गुणलं. लाइन सेकंदाला अर्धा गिगाबिट वाहून नेणारी. भागाकार केला. तिन्ही बोटी यायला जवळजवळ आठवडा लागणार होता. हातात होते अडीच दिवस.

अडीच दिवसांत एकच बोट आली असती.

त्याच संध्याकाळी आम्ही सिम लिमच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन डिस्क आणली. दुकानदाराने विचारलं, "सो बिग, फॉर व्हॉट?" मावशी म्हणाली, "फॉर माय हजबंड." त्याने हसून डिस्क पिशवीत घातली.

शुक्रवारी ती ऑफिसातून लवकर आली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, डिस्क जोडली. किमया शाळेच्या गणवेशातच नूडल्स खात बसली होती.

"किमया, एकच बोट येणार. तिन्ही नाही बसत."

"व्हाय?"

"वेळ नाही पुरत. सोमवारी बंद करणार ते."

"देन टेक मधली," किमया लगेच म्हणाली. "दॅट वन इज माय शिप."

मधली बोट एकदा इथल्याच धक्क्याला लागली होती. किमया तेव्हा सात वर्षांची. मी सुट्टीत मावशीकडे आले होते आणि काकांनी आम्हा सगळ्यांचे पास काढून बोटीवर नेलं होतं. उकाड्याने मावशीला भोवळ आली म्हणून ती वर केबिनमध्ये पडून राहिली, मी तिच्याजवळ थांबले आणि काका किमयाला एकटीला घेऊन खाली इंजिनरूम दाखवायला गेले. मोठं इंजिन बंद होतं, पण जनरेटर चालू होते आणि त्यांचंही रेकॉर्डिंग व्हायचं.

"आय ॲम इन्साइड, यू नो," किमया म्हणाली. "दॅट डे. बाबा टोल्ड मी."

मावशीने खुर्ची ओढून तिच्याजवळ घेतली. "मला शेवटची हवी आहे गं."

किमयाने काटा खाली ठेवला.

"शेवटचे चार महिने मी फोनवर विचारायचे, कसा आहेस, तर म्हणायचा मजेत. प्रत्येक वेळी मजेत. त्याला काही होत होतं का, छातीत दुखत होतं का, हे तो कुणाजवळ बोलला असेल तर तिथेच बोलला असेल. मला ते ऐकायचंय."

"इट वोन्ट चेंज एनीथिंग, आई."

"माहीत आहे."

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवत होतं. किमया उठली, ताटली सिंकमध्ये ठेवली आणि पाठमोरीच म्हणाली, "ओके लाह. टेक युअर्स."

मावशीने पुन्हा एकदा आकडेमोड केली. मधलीसुद्धा बसते का हे बघायला, वेळ जरा ताणून, लाइन जरा जास्त चालेल असं धरून. बसत नव्हती. तिने मला लॅपटॉप दाखवला. "बघ बाई तू तरी." मी बघितलं. गुणाकार बरोबर होता.

मग तिने परेशला फोन लावला.

"परेश, शेवटची बोट घेतेय मी. बाकीच्या दोन सोड."

"सोड म्हणजे, ताई?"

"पुसायला दे. ती डिस्क मोडणारी माणसं आलीयेत ना तुमच्याकडे?"

"आलीयेत. पण ताई... तिन्ही घ्या की. सोमवारपर्यंत आहे की वेळ."

"नाही रे पुरत. मी मांडून बघितलंय."

फोन स्पीकरवर होता, परेशचा श्वास मला ऐकू आला. "बरं," तो म्हणाला. "लाइनचं तुम्हाला जास्त कळतं."

"आणि हे बघ, त्या दोन आधी काढ. तिथे दुसरं काहीही चालू राहिलं तर माझा वेग खाईल. मला सगळा वेग या एकीला हवाय."

"ठीक आहे, ताई. रात्रीतून होऊन जाईल त्यांचं."

"थँक यू रे. फार केलंस तू."

शनिवारी सकाळी मी उठले तेव्हा मावशी चहाचा कप हातात धरून टेबलापाशी उभी होती.

"तुटली वाटतं लाइन," ती म्हणाली. "थांबलंय."

पडद्यावर लिहिलं होतं, काम पूर्ण झालं. तिचा विश्वास बसेना. दोन दिवसांचं काम एका रात्रीत कसं होईल? तिने फाइली मोजल्या. जेवढ्या तिकडे होत्या तेवढ्या इकडे होत्या. पहिली फाइल उघडून बघितली, अधलीमधली एक उघडली, शेवटची उघडली. धडधडत्या इंजिनाआड काकांचा आवाज क्षणभर खोलीत आला आणि तिने घाईने बंद केला. सगळं आलं होतं. मग तिने डिस्क किती भरली ते बघितलं.

डिस्क जवळजवळ रिकामी होती. कपाटाच्या एका कोपऱ्यात दोन साड्या ठेवाव्यात तेवढीच भरली होती. दीड हजार गिगाबाइट.

मावशीचे ओठ हलले. बारा हजार भागिले आठ. किती जणांना किती वेळा करायला लावलेला तो भागाकार. चहावर साय धरली तरी ती तशीच उभी होती. मग तिने फोन उचलला.

"परेश, ते बारा हजार कशाचे होते रे?"

"गिगाबिट, ताई." परेशचा आवाज झोपेतला होता, पण प्रसन्न होता. "तुम्ही लाइनवाल्या ना, म्हणून मीच आधी तुमच्या मापात करून दिलं, आठाने गुणून. आमच्याकडे नेटवर्कवाले हसतात मला, सारखा बाइटमध्ये बोलतोस म्हणून. म्हटलं ताईंना परत त्रास नको..."

तो थांबला.

"ताई, तुम्ही परत गुणलंत?"

"त्या दोन बोटी, परेश."

"पहाटेच झाल्या, ताई. पुसून, मग चुरा करतात ते. माझ्यासमोर केला." त्याचा आवाज फुटला. "तुम्ही एकच म्हणालात, तेव्हा मला वाटलं की तुम्हाला एकच हवी असेल. सगळं ऐकवत नसेल. विचारावं असं दोनदा आलं मनात. पण म्हटलं, दुःखाचं घर, कशाला खोदून विचारायचं."

"तुझी चूक नाही."

"तुमचीही नाही, ताई."

फोन चालूच होता. दोघांनीही एकमेकांचा विचार केला होता. दोघांतल्या एकाने जरा कमी केला असता तरी चाललं असतं. तिन्ही बोटी मिळून जेमतेम एका दिवसाचं काम होतं. शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी संपलं असतं आणि अख्खा रविवार उरला असता. त्या डिस्कमध्ये तिन्ही मावल्या असत्या आणि वर तेवढ्याच आणखी.

मावशीने किमयाला सांगितलं नसतं तर किमयाला कधीच कळलं नसतं. एकच बोट येणार होती, एकच आली. मला तसं सुचवावंसं वाटलं होतं. पण रविवारी सकाळी ती किमयाला घेऊन खालच्या कॉफीशॉपमध्ये गेली, मलाही चल म्हणाली, आणि टोस्ट यायच्या आधीच तिने सगळं सांगून टाकलं. कुठेही स्वतःची बाजू न घेता, ऑफिसात बिघाडाचा अहवाल देतात तसं.

किमया स्ट्रॉचा कागद फाडत होती.

"सो ऑल थ्री कॅन?"

"हो."

"विथ टाइम लेफ्ट ओव्हर?"

"हो. पुष्कळ."

कागदाचे बारीक तुकडे करून किमयाने त्यांची रास केली. शेजारच्या टेबलावरचे दोन आजोबा मोठ्याने भांडत होते, फुटबॉलवरून असावं. "यू टीच एव्हरीबडी दॅट थिंग, आई," ती म्हणाली. "एव्हरीबडी."

मावशीने मान हलवली. तिने टोस्टचे दोन भाग केले आणि मोठा किमयापुढे सरकवला. किमयाने तो खाल्ला, एवढं मला आठवतं.

त्यानंतर रोज जेवणं झाली की मावशी टेबलापाशी बसून शेवटची बोट ऐकायची. दिवसाच्या क्रमाने, एकही न गाळता. काका आधी इंग्रजीत तारीख आणि भार सांगायचे, गळा साफ करायचे आणि मग त्यांचा आवाज बदलायचा. "चार नंबर आज शहाण्यासारखा वागतोय." "कुकने मटण केलं होतं, तिखट म्हणून नावाला नाही." "काल एक पक्षी येऊन बसला डेकवर, कुठून आला कोण जाणे, सकाळी नव्हता." "बाहेर नुसतं पाणी. लिहिण्यासारखं काही नाही, बोलण्यासारखंही नाही, तरी बोलतो." मग त्यांचं बोलणं थांबायचं आणि पाच-सात मिनिटं इंजिन. मावशी तेही ऐकायची. सिग्नलवर आयुष्य काढलेली बाई ती, दोन शब्दांमधल्या रिकाम्या जागेत काही सापडतं का बघायची. श्वास चढलाय का, मध्येच थांबलाय का. पण त्या धडधडीत माणसाचा श्वास कसला ऐकू येतोय.

छातीबद्दल काका एकदाही बोलले नव्हते. शेवटच्या दिवशीचं शेवटचं वाक्य होतं, "तीन नंबरचं उद्या बघू." मावशीने ते संपेपर्यंत ऐकलं आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली.

किमया त्या वेळी खोलीचं दार लावून अभ्यास करायची. दोन-तीन आठवडे असे गेले. मग एका संध्याकाळी दार उघडलं. ती येऊन भिंतीला टेकून उभी राहिली आणि थोड्या वेळाने मावशीच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. काका पंपाच्या गळतीबद्दल काहीतरी सांगत होते.

"ही टॉक्स टू द इंजिन," ती म्हणाली.

"हो. माझ्याशी एवढं नाही बोलला कधी."

किमया किंचित हसली. कॉफीशॉपमधल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मावशीने तो धागा सोडला नाही. जपून, जशी काही गरम भांड्याला बोट लावून बघतेय, तशी तिने विचारलं, "तू काय ओरडली होतीस गं, त्या दिवशी इंजिनरूममध्ये? तुझा आवाज होता ना त्यात."

"माझा नाही." किमया एरवी आईला इंग्रजीतच उत्तर द्यायची. आज ती मराठीत बोलत होती, अडखळत, शब्द शोधत. "मी ओरडले नाही. तिथे खूप आवाज असतो, म्हणून बाबांनी त्यांचे ते मोठे... कानांवर लावतात ते... मला लावले. मग मला उचललं आणि माइकसमोर धरलं. आणि ते बोलत होते. खूप वेळ. माझ्याकडे बघून बोलत होते, माइककडे नाही. मला काहीच ऐकू आलं नाही, आई. फक्त तोंड हलताना दिसत होतं."

"मग नंतर विचारलं नाहीस?"

"विचारलं. बाबा म्हणाले, रेकॉर्ड झालंय, मोठी झालीस की ऐकवीन."

लॅपटॉपवर काकांचं बोलणं संपून नुसतं इंजिन चालू होतं. मावशीने ते बंद केलं. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, मला आत जाता येईना आणि बाहेरही.

मावशीने किमयाची हनुवटी धरून तिचा चेहरा आपल्याकडे वळवला.

"कसं हलत होतं तोंड?" तिने विचारलं. "दाखव बरं मला."

किमया जरा वेळ आठवत राहिली. मग आवाज न करता, जमेल तसे, तिने ओठ हलवून दाखवले. एकदा मोठे उघडले, मिटले, पुन्हा थोडेसे उघडले. मावशी त्या ओठांवरची नजर न काढता बघत होती.

"परत एकदा," ती म्हणाली. "सावकाश."